शिसवी पृथ्वी

येसाजीरावांचे हत्ती जगभर गेले. येसाजीराव स्वतः मात्र मैसूरचा मंडी मोहल्ला सोडून फारसे कुठे गेले नाहीत. काळ्याभोर शिसवी फळीत फणसाचं, सागाचं, आंब्याचं लाकूड बेमालूम बसवून चित्र उभं करायचं, हे मैसूरचं इनलेकाम, आणि त्यात त्यांचा हातखंडा. पन्नास वर्षं त्यांनी दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती केले, पाणवठ्यावरच्या बाया केल्या, बैलगाड्या केल्या, आणि मग आणखी हत्ती केले. प्रत्येक फळीच्या पाठीवर दुकानाचा शिक्का बसे आणि ती कुठल्याशा परदेशी दिवाणखान्यात जाऊन लटके. करणाऱ्याचं नाव विचारायची त्या धंद्यात पद्धतच नाही. लोकांना हत्ती हवा असतो, हत्तीवाला कशाला?

त्यांची सून सौम्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि तिला या गोष्टीचा फार राग यायचा. एकदा तिनं विचारलंच, "मामा, आपल्या मैसुरात तुमचं एक तरी काम कुठल्या भिंतीवर आहे का हो?"

येसाजीरावांनी करवत थांबवली, छताकडे बघून बराच विचार केला आणि म्हणाले, "गोत्तिल्ला, माहीत नाही. असलं तरी मला कोण येऊन सांगणार?" आणि पुन्हा करवत चालू.

विषय तिथं संपला असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोसे घालता घालता सासूबाई, म्हणजे शकुंतलाबाई, तिला हळूच म्हणाल्या, "काल जेवताना हे काय म्हणाले माहीत आहे काय? एक असायला पाहिजे होतं म्हणाले. चाळीस वर्षं झाली लग्नाला, मीठ कमी आहे हेसुद्धा तोंडानं सांगत नाहीत ग हे!"

सौम्यानं ते वाक्य मनात धरून ठेवलं. त्यामुळे शाळेच्या नव्या ग्रंथालयाची बैठक भरली आणि दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर प्राचीन आणि मध्ययुगीन संस्कृतींचा नकाशा लावायचं ठरलं, तेव्हा ती उभीच राहिली. संस्थेचे सेक्रेटरी राघवेंद्र यांनी नकाशाचा फ्लेक्स आधीच छापून आणला होता. देवापासून पुढाऱ्यापर्यंत आजकाल सगळे फ्लेक्सवर मावतात, तिथं इजिप्तचं काय मोठं! पण त्या फ्लेक्सवरचे पिरॅमिड गुलाबी होते आणि समुद्र टूथपेस्टच्या रंगाचा. सौम्या म्हणाली, "सर, आमचे मामा हाच नकाशा लाकडात करतील. शंभर वर्षं टिकेल."

मुख्याध्यापिका वेदवतीबाई मूळच्या जवळच्याच सोसले गावच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की विषय संपायचा. "करू देत," त्या म्हणाल्या. राघवेंद्रांनी मान डोलावली, पण अट घातलीच. जानेवारीत उद्घाटन, त्या दिवशी नकाशा पुरा पाहिजे. नाही तर फ्लेक्स कपाटात गुंडाळून ठेवलेलाच आहे.

सातवीत शाळा सुटलेल्या येसाजीरावांनी सौम्यानं आणलेला ग्रंथालयाचा भलाथोरला नकाशांचा ग्रंथ मांडीवर घेतला आणि आठ दिवस कामाला हातच लावला नाही. ते नुसते बघत होते. भिंग लावून बघत, मग भिंग काढून बघत. प्रश्न विचारत तेही असे की इतिहासाच्या बाईंची भंबेरी उडावी. चीनच्या भिंतीवर चुना होता का? नाईलचा गाळ ओला असताना काळा की तांबूस? होयसळांच्या देवळाच्या जोत्याची चांदणी किती कोपऱ्यांची? शेवटचं उत्तर सौम्याला आलं नाही, तेव्हा ते एकटेच बस पकडून सोमनाथपूरला गेले आणि दिवसभर देवळाच्या जोत्याभोवती फिरून कोपरे बोटांवर मोजून आले.

मग घरच्या पडवीत बसून त्यांनी जे काही केलं, ते बघून सौम्या खुळावली. तीन फळ्या, मिळून नऊ फूट लांब. समुद्राला रंग नाहीच; शिसव तशीच ठेवलेली, तिच्या अंगच्या काळ्या-जांभळ्या रेषाच लाटा झाल्या. सहाऱ्याला त्यांनी फणस घेतला, आणि तोही नेमका असा तुकडा शोधला की त्याच्या रेषा वाऱ्यानं वळवलेल्या वाळूसारख्या दिसाव्यात. तिबेटला झाडाच्या गाठीचं लाकूड. सिंधूकाठचा बैल सव्वा इंचाचा, पण त्याच्या गळ्याखालच्या पोळीच्या घड्या मोजून घ्याव्यात. चीनची भिंत तीनशेच्या वर तुकड्यांची, एकेक तुकडा तांदळाएवढा. विजयनगर, अंगकोर, बगदाद, माली, कुठंही रंगाचा थेंब नाही. जे आहे ते लाकूडच, देवानं दिलेल्या रंगाचं. सौम्या दहा वर्षं ही सगळी नावं फळ्यावर लिहीत आली होती. ती माणसं खरोखर या पृथ्वीवर राहिली, त्यांनी घरं बांधली, नद्या अडवल्या, हे तिला त्या पडवीत पहिल्यांदा खरं वाटलं. मुलींना आपण इतकी वर्षं परीक्षेपुरतं शिकवलं याची तिला लाजही वाटली.

मधल्या आणि उजव्या फळीचं काम आटोपलं आणि डोळ्यानं दगा दिला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात धरू लागला होता. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी दोन आठवडे खाली वाकायचं नाही म्हणून बजावलं. राहिली होती डावीकडची फळी, अमेरिकेची. मय, अझ्टेक, इंका, सगळे तिच्यावर. वेळ वाया जाऊ नये म्हणून लाकडावर चिकटवून कापायचा तिचा नमुन्याचा कागद सौम्यानं काढला. ग्रंथावर बटर पेपर ठेवून तिनं पेन्सिलीनं सगळा किनारा उतरवला. कागदावर एक अक्षर लिहायचं नाही असा येसाजीरावांचा नियम होता, कारण शाई सरसात उतरते आणि फिक्या लाकडाला डाग पडतो. "कुंकवाचं बोट तेवढं लाव," ते खाटेवरून म्हणाले. "आमच्या वडिलांपासूनची रीत आहे."

तिनं लावलं. ग्रंथ मुदत संपली म्हणून शाळेत परत गेला. दोन आठवड्यांनी येसाजीराव काळा चष्मा काढून पुन्हा कामाला बसले. काम पुरं होऊन पॉलिश चढेपर्यंत फळी कुणाला दाखवायची नाही, ही त्यांची आणखी एक रीत. अमेरिका शकुंतलाबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याखाली झाकलेली राहिली.

उद्घाटनाला तीन दिवस राहिले असताना त्यांनी तिन्ही फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि लुगडं काढलं. शकुंतलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. सौम्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पडवीत अख्खी पृथ्वी उभी होती, आणि ती चमकत होती. सौम्या उजवीकडून बघत बघत डावीकडे आली.

दक्षिण अमेरिकेचं पोट भलत्याच बाजूला सुटलं होतं. ते पूर्वेला, आफ्रिकेकडे हवं, ते पश्चिमेला होतं. इंकांचे डोंगर पश्चिम किनारा सोडून पूर्वेला येऊन बसले होते. अख्खी अमेरिका आरशात बघावी तशी उलटी. मय लोकांची पायऱ्यांची देवळं दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे काम करताना शंका यायचं कारणच नव्हतं. एवढं सुंदर काम सौम्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते चूक होतं.

संध्याकाळी वेदवतीबाई आणि राघवेंद्र बघायला आले. राघवेंद्रांनी फोनवर वीस फोटो काढले. "अद्भुत! अद्भुत!" ते म्हणत राहिले. वेदवतीबाई चीनच्या भिंतीपाशी वाकल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. अमेरिका उलटी आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. आपण भारताचा नकाशा नीट बघतो, अमेरिकेचा कोण बघतो? सौम्या मूग गिळून कोपऱ्यात उभी राहिली. सांगितलं तर भिंत जाणार, नाही सांगितलं तर भिंत मिळणार. इतकं साधं गणित, आणि तिला ते सुटेना. येसाजीराव त्या दोघांच्या मागे हात बांधून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते तिनं लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिनं कॉफीचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, अमेरिका उलटी बसली आहे."

त्यांनी फोनवर खरा नकाशा काढून मागितला. भिंग लावून आधी तो बघितला, मग फळी बघितली, मग आत जाऊन तिनं काढलेल्या कागदाचा उरलेला काठ घेऊन आले. कुंकवाचं बोट अजून त्यावर होतं. "हे तू वरच्या बाजूला लावलंस काय?"

"हो. रेघा आहेत त्या बाजूला, वर कोपऱ्यात. लग्नपत्रिकेला लावतो तसं."

"आमच्यात मागे लावतात. कुंकवाची बाजू सरसाला, म्हणजे लाकडाला चिकटवायची. रेघांची बाजू वर राहते." ते कागद उजेडाकडे धरून बसले. कागद पारदर्शक, रेघ दोन्हीकडून सारखीच दिसत होती.

"माझी चूक झाली, मामा."

"तुझी कशी? मी कधी सांगितलंच नाही. पन्नास वर्षं ती खूण माझीच माझ्यापाशी. दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ कुठे आली?" मग ते स्वतःशीच हसले. "हत्तीला हे चालतं बघ. डावीकडे तोंड केलं काय, उजवीकडे केलं काय, मिरवणूक ती मिरवणूकच. किती हत्ती असे उलटे गेले असतील देवाला ठाऊक!"

"कुणाच्या लक्षात आलेलं नाही," सौम्या घाईघाईनं म्हणाली. आपण इतिहासाच्या बाई आहोत हे ती त्या क्षणी सपशेल विसरली. "भिंतीवर लागू दे. मग मागाहून बघू की."

"तुझ्या लक्षात आलं ना?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"वर्गात मुलींना या भिंतीसमोर उभं करून शिकवणार कोण? तूच ना? तेव्हा काय सांगशील?"

येसाजीरावांनी कॉफी संपवली, पटाशी घेतली, फळी खाली आडवी ठेवली आणि तिच्यासमोर अमेरिका खरवडून काढायला सुरुवात केली. सरसानं बसवलेला तुकडा अखंड निघत नाही, त्याचा भुगाच होतो. इंकांचे डोंगर गेले, मय लोकांची देवळं गेली. शकुंतलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अय्यो, वेड लागलं काय हो तुम्हाला? एका डोळ्यानं केलंत ते, एका डोळ्यानं!" येसाजीराव मान वर न करता म्हणाले, "सरी, सरी, बरं, दुसऱ्या डोळ्यानं परत करतो." सौम्याला तिथं उभं राहवेना, आणि तिथून हलवेनाही. पंच्याऐंशी वर्षांच्या तपस्व्याला शोभेल अशी ही गोष्ट सत्तरीच्या आतला एक सुतारकाम करणारा माणूस एका दुपारात, शिट्टी वाजवत, करत होता. आपण याच घरात राहतो याचा तिला अभिमान वाटला आणि त्याच वेळी रडू फुटलं.

दुपारी तीनपर्यंत डावी फळी कोरी झाली. तिच्यावर त्यांनी शिसवेचा एक अखंड पातळ पापुद्रा बसवला, घासून सपाट केला. आता तिथं नुसता समुद्र होता.

सौम्यानं राघवेंद्रांना फोन केला. ते आधी चिडले, मग व्यवहारावर आले. "पत्रिका वाटून झाल्या, मैसूरभर. आता असं करू. उद्घाटनापुरता लाकडाचा लावू, कुणाला काही बोलू नका. पाहुणे गेले की उतरवून फ्लेक्स लावतो. अर्धवट नकाशा आम्ही शाळेत ठेवू शकत नाही. अट तुम्हाला माहीत होती, मॅडम."

तिनं ते सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. येसाजीराव एवढंच म्हणाले, "एक दिवस तर एक दिवस."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. ग्रंथालय झेंडूच्या माळांनी भरून गेलं, मुली नव्या रिबिनी लावून ओळीनं बसल्या. फ्लेक्सची गुंडाळी दाराआड उभी होतीच. प्रमुख पाहुणे होते कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक, पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. पत्रिकेवर देणगीदारांची नावं होती, संस्थेच्या अकरा विश्वस्तांची होती, मंडप घालणाऱ्याचंही होतं. येसाजीराव शकुंतलाबाईंबरोबर मागच्या भिंतीला टेकून उभे होते, पांढरा सदरा, डोक्याला जरीचा रुमाल.

प्राध्यापक कात्री हातात घेऊन नकाशासमोर आले आणि फीत कापायची विसरले. त्यांनी बैल पाहिला, भिंत पाहिली, होयसळांच्या देवळाची चांदणी बोटानं मोजली. पाच मिनिटं सगळे ताटकळत राहिले. मग ते डावीकडच्या कोऱ्या फळीपाशी आले.

"वा!" ते कानडीत म्हणाले. "केवढा खोल विचार आहे हा! इकडे नगरं, साम्राज्यं, आणि पलीकडे नुसता समुद्र. त्या काळच्या माणसाला पलीकडे जमीन आहे हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोळ्यांनी काढलेला नकाशा! कुणाची ही कल्पना?"

राघवेंद्र विजेच्या चपळाईनं पुढे झाले. "आम्हा सगळ्यांचीच, सर. मुद्दाम तसं ठेवलं." आणि त्यांनी वेदवतीबाईंकडे असं पाहिलं की अर्थ स्पष्ट होता: आता नकाशा उतरवायची गरज नाही, हाच कायमचा. भिंत मिळाली. कुणी काही न मागता, कुणी काही न करता भिंत मिळाली. तोंड बंद ठेवलं की झालं. सौम्यानं मागे वळून पाहिलं.

येसाजीराव गर्दीतून वाट काढत पुढे येत होते. शकुंतलाबाईंनी त्यांचा सदरा धरला होता, तो सुटला.

"नाही साहेब," ते कानडीत म्हणाले. आवाज चिरका निघाला, कारण माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. "तसं काही नाही. तिथं मी अमेरिका बसवली होती, ती उलटी बसली, म्हणून काढली. चूक झाली."

राघवेंद्रांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

प्राध्यापक हसले. "असू द्या हो. आता तर हे जास्त शोभतं. त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा रिकामं ठेवलेलं काय वाईट?"

"कसं ठेवायचं, साहेब?" येसाजीराव म्हणाले. "माणसं होती तिथं. देवळं बांधत होती, डोंगर फोडून शेती करत होती. इकडच्या कुणाला त्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून ती नव्हती असं कसं होईल?"

बोलून झाल्यावर आपण फार बोललो असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. ते मय आणि इंकांबद्दलच बोलत होते. त्यांच्या मनात दुसरं काही असेल असं सौम्याला वाटत नाही. पण तिनं ते वाक्य ऐकलं आणि पन्नास वर्षांचे सगळे हत्ती तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. ती सगळ्या शाळेदेखत रडली आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ती माणसं परत यायला किती दिवस लागतील?"

"वीस, साहेब. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मागाहून करीन."

"आधी करा. मग वीस दिवस घ्या." त्यांनी कात्री तबकात परत ठेवली. "फीत मी तेव्हा येऊन कापीन. तोवर हा नकाशा इथून हलवू नका." राघवेंद्र काही म्हणणार होते, पण वेदवतीबाई पुढे आल्या. "हलणार नाही," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

मग प्राध्यापकांनी माईक स्वतःच्या हातानं उचलून येसाजीरावांच्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, "आपलं नाव काय?"

येसाजीराव गोंधळले. इतक्या वर्षांत काम बघून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते हळूच काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," प्राध्यापक म्हणाले. "मुलींना वहीत लिहून घ्यायचं आहे."

येसाजीरावांनी घसा खाकरला, रुमाल सारखा केला आणि आपलं नाव सांगितलं. मग वडिलांचं, मालोजीरावांचं सांगितलं, मग आडनाव. मागच्या ओळीतल्या मुलींनाही ते स्पष्ट ऐकू गेलं.